श्रवणयंत्र मिळालं, पण त्याचा सेल कोण बदलणार? बारामतीतून दिसणारा वर्गातल्या सहायक तंत्रज्ञानाचा प्रश्न

२०२५च्या सुरुवातीला मायक्रोसॉफ्टचे प्रमुख सत्या नाडेला यांनी बारामतीच्या ऊस उत्पादकांचं उदाहरण जगासमोर ठेवलं. एलॉन मस्क यांनीही त्यावर प्रतिक्रिया दिली आणि मराठी सोशल मीडियावर दोन-तीन दिवस बारामतीच्या उसाशिवाय दुसरा विषय नव्हता. कृषी विकास प्रतिष्ठानच्या या प्रयोगात शेतात सेन्सर बसतात, वर उपग्रहाची नजर असते आणि पाणी कधी द्यायचं, खत किती टाकायचं याचा सल्ला शेतकऱ्याच्या मोबाइलवर येतो, तोही मराठीत.

या कौतुकात एक गोष्ट मागे पडली. प्रयोग चालतो तो नुसत्या सेन्सरमुळे नाही. सेन्सर बंद पडला तर पाहायला माणूस येतो, आकड्यांचा अर्थ लावणारी यंत्रणा मागे बसलेली असते आणि सल्ला रोज येतो. सेन्सर वाटून, फोटो काढून मंडळी निघून गेली असती तर आज त्या उसाचं नाव कोणी घेतलं नसतं.

याच बारामतीत आणि शेजारच्या इंदापुरात तंत्रज्ञानाचा दुसराही एक वापर होतो, त्याची बातमी फारशी होत नाही. जिल्हा परिषदेच्या किंवा संस्थेच्या शाळेत तिसरी-चौथीच्या वर्गात बसलेलं, कानामागे श्रवणयंत्र लावलेलं मूल. किंवा पुस्तक नाकाला लावून वाचणारं, अंशतः दिसणारं मूल. यांच्या हातात वस्तू पोहोचते. पण वस्तूच्या मागे रोज उभी राहणारी यंत्रणा कुठे आहे?

सहायक तंत्रज्ञान म्हणजे काय?

नाव जड असलं तरी गोष्टी ओळखीच्या आहेत. चष्मा हे सगळ्यात जास्त वापरलं जाणारं सहायक साधन. त्यानंतर व्हीलचेअर, कॅलिपर, पांढरी काठी, श्रवणयंत्र, ब्रेल पाटी, भिंग, पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, आणि बोलता न येणाऱ्या मुलासाठी चित्रावर बोट ठेवलं की शब्द उच्चारणारं ॲप. यातलं शेवटचं एक आपल्या राज्यात तयार झालं आहे. आयआयटी मुंबईच्या आयडीसी विभागाचं ‘जेलो’ हे ॲप मोफत आहे आणि मराठीतही चालतं. सेरेब्रल पाल्सी किंवा ऑटिझम असलेलं मूल ‘मला भूक लागली’, ‘मला हे नको’ हे चित्रांच्या मदतीने सांगू शकतं.

जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफने मे २०२२मध्ये या विषयावर पहिला जागतिक अहवाल काढला. जगात अडीचशे कोटींहून अधिक लोकांना किमान एका सहायक साधनाची गरज आहे आणि त्यातल्या जवळपास १०० कोटी लोकांपर्यंत ते पोहोचलेलं नाही, असं त्यात म्हटलं होतं. श्रीमंत देशांत गरजूंपैकी ९० टक्क्यांपर्यंत लोकांना साधनं मिळतात, काही गरीब देशांत हेच प्रमाण ३ टक्क्यांवर येतं.

महाराष्ट्रात २०११च्या जनगणनेनुसार दिव्यांगांची संख्या २९ लाख ६३ हजारांच्या घरात होती. पण तेव्हा कायद्यात दिव्यांगत्वाचे ७ प्रकार होते. २०१६च्या कायद्याने ते २१ केले आणि त्यात डिस्लेक्सियासारखी अध्ययन अक्षमता, ऑटिझम, सिकलसेल यांचाही समावेश झाला. त्यामुळे जुना आकडा आजच्या व्याख्येला पुरणारा नाही, आणि त्यानंतर जनगणनेचे नवे आकडे आलेले नाहीत.

यंत्र कानात, पण आवाज कुठे?

सगळ्यात जास्त गैरसमज श्रवणयंत्राबद्दल आहेत, म्हणून त्याचंच उदाहरण नीट पाहू.

चष्मा लावला की दिसतं, तसं यंत्र लावलं की ऐकू येतं, असं घरच्यांना वाटतं. बऱ्याचदा शिक्षकांनाही. प्रत्यक्षात श्रवणयंत्र म्हणजे छोटा माइक, आवाज वाढवणारा सर्किटचा भाग आणि छोटा स्पीकर. माइकला बाईंचा आवाज आणि पंख्याची घरघर यांतला फरक आपल्या मेंदूसारखा कळत नाही. पत्र्यावरचा पाऊस, शेजारच्या वर्गातले पाढे, बाकं सरकवल्याचा आवाज, रस्त्यावरून जाणारा उसाचा ट्रॅक्टर, सगळंच मोठं होऊन कानात शिरतं. नवी डिजिटल यंत्रं गोंगाट काही प्रमाणात कमी करतात, पण चाळीस मुलांच्या वर्गात त्यांचीही दमछाक होते.

त्यात अंतराचा हिशेब वेगळा. मोकळ्या जागेत बोलणाऱ्यापासूनचं अंतर दुप्पट झालं की आवाजाची पातळी साधारण ६ डेसिबलने घसरते. बाई एक मीटरवरून बोलतात तेव्हा जे पोहोचतं, ते चार मीटरवर बरंच पुसट झालेलं असतं. बाई फळ्याकडे वळल्या की ओठही दिसत नाहीत. मूल मान डोलावतं, कारण शेजारचा डोलावतो. परीक्षेत उत्तर चुकलं की ‘लक्ष नसतं’ असा शेरा मिळतो.

यावर उपाय आहे. शिक्षकाच्या गळ्यात छोटा माइक अडकवायचा आणि त्याचा आवाज बिनतारी पद्धतीने थेट मुलाच्या यंत्रात सोडायचा. एफएम किंवा रिमोट माइक या नावाने ही सोय ओळखली जाते. शिक्षक वर्गात कुठेही असले तरी मुलासाठी ते वीतभर अंतरावर असतात. मात्र मोफत वाटपातल्या साध्या यंत्रात ही सोय असेलच असं नाही, आणि असली तरी माइकची वेगळी खरेदी शाळेच्या यादीत क्वचितच येते.

आता त्याहून साध्या गोष्टी. कानामागच्या बहुतेक यंत्रांना बटणासारखा झिंक-एअर सेल लागतो. आकार आणि वापराप्रमाणे तो आठवडा ते दोन आठवडे टिकतो. त्याचं स्टिकर काढलं की आत हवा जाऊन तो सुरू होतो आणि मग वापरा अथवा नका वापरू, संपत जातो. रात्री यंत्र बंद करायचं, सेलचं झाकण उघडं ठेवायचं, घामाने आत गेलेला ओलावा सुकवायचा, हे कोणीतरी आई-वडिलांना बसवून शिकवावं लागतं. वाटपाच्या रांगेत त्यासाठी दोन मिनिटंही मिळत नाहीत.

दुसरी गोष्ट इअर मोल्ड, म्हणजे कानाच्या मापाचा साचा. यंत्रातला आवाज नळीतून या साच्यामार्फत कानात जातो. लहान मुलाचा कान वाढतो आणि साचा सैल होतो, कधी वर्षात तर कधी त्याआधीच. सैल साच्यातून आवाज बाहेर येऊन पुन्हा माइकमध्ये शिरतो आणि यंत्र शिट्टी मारायला लागतं. वर्गात शिट्टी वाजली की पोरं हसतात. आठ-नऊ वर्षांचं मूल अशा वेळी करायचं तेच करतं, यंत्र काढून दप्तरात टाकतं. घरी विचारलं तर सांगतं, ‘दुखतं’. काही दिवसांनी ते यंत्र कपाटात जातं, आणि सरकारी कागदावर मात्र त्या मुलाला ‘साधन मिळाले’ अशी नोंद कायम राहते.

कान आणि भाषा यांचं नातं वयाशी बांधलेलं आहे. भाषा पकडण्याची मेंदूची सगळ्यात तल्लख वर्षं पहिलीत जाण्याआधीचीच असतात. शाळेत येईपर्यंत त्यातला मोठा भाग सरलेला असतो. म्हणून सेल संपलेला एक महिना मोठ्या माणसासाठी गैरसोय असते, तर सात वर्षांच्या मुलासाठी तो शब्दांचा एक महिना असतो. प्रत्येक कर्णबधिर मुलाला यंत्राचा फायदा होतोच असंही नाही. अशा मुलांसाठी भारतीय सांकेतिक भाषा हे शिकण्याचं पूर्ण माध्यम आहे. केंद्र सरकारने डिसेंबर २०२४मध्ये पीएम ई-विद्या योजनेत सांकेतिक भाषेची स्वतंत्र वाहिनीही सुरू केली. पण ती समजावून द्यायला वर्गात हात हलवणारा माणूस लागतोच.

शिबिराची परंपरा

बारामती परिसराला श्रवणयंत्रं नवी नाहीत. खासदार सुप्रिया सुळे यांच्या पुढाकारातून यशवंतराव चव्हाण प्रतिष्ठान, अमेरिकेतलं स्टार्की फाउंडेशन आणि ठाकरसी समूह यांनी मागच्या दशकात श्रवणयंत्रांची मोठी शिबिरं भरवली. कानाचं माप आधी घ्यायचं, साचा तयार करायचा आणि मग दुसऱ्या टप्प्यात यंत्र बसवायचं, अशी स्टार्कीची पद्धत. त्यांच्या पद्धतीत यंत्र बसवल्यानंतरची देखभाल हा स्वतंत्र टप्पा धरलेला आहे. आपल्याकडच्या वाटपात नेमका हाच टप्पा सगळ्यात अशक्त असतो.

सरकारी मार्ग म्हणजे केंद्राची ‘एडिप’ योजना. १९८१पासून सुरू असलेल्या या योजनेत कानपूरची अलिम्को ही सरकारी कंपनी बहुतांश साधनं पुरवते. शाळेतल्या मुलांसाठी अलिम्को आणि समग्र शिक्षा यांच्यात खर्चाची ६०:४० अशी वाटणी आहे. कुटुंबाचं मासिक उत्पन्न २२,५०० रुपयांपर्यंत असेल तर साधन पूर्ण मोफत आणि ३०,००० पर्यंत असेल तर निम्म्या किमतीत मिळतं. एकदा मिळालेलं साधन साधारण तीन वर्षांनी पुन्हा मिळू शकतं. बारा वर्षांखालच्या मुलांसाठी मात्र ही अट एका वर्षाची आहे, कारण मुलं वाढतात. ही सवलत पालकांना ठाऊक असणं फार गरजेचं आहे.

शिबिराचा क्रम ठरलेला असतो. आधी तपासणी, मग यादी, मग साधनांची मागणी आणि शेवटी वाटप. तपासणी आणि वाटप यांच्यात महिने जातात. तपासणी होऊनही वाटप रखडल्याची तक्रार सुळे यांनीही जाहीरपणे केली आहे. मोठ्या माणसाची काठी सहा महिन्यांनी मिळाली तर निदान ती बसते. वाढत्या मुलाचं कॅलिपर किंवा कानाचा साचा सहा महिन्यांत लहान झालेला असू शकतो.

शिबिरांना नाव ठेवण्याचं कारण नाही. ज्या घरात दहा-वीस हजारांचं यंत्र विकत घेण्याचा विचारही होत नाही, तिथे ते शिबिरातूनच आलं आहे. अडचण पुढची आहे. शिबिर एक दिवसाचं असतं आणि शाळा वर्षाला दोनशेहून अधिक दिवस भरते.

मराठी वाचताना सॉफ्टवेअर कुठे अडखळतं?

दृष्टिहीन विद्यार्थ्यांच्या बाबतीत गेल्या दहा-पंधरा वर्षांत खरोखर मोठा बदल झाला. पूर्वी पडदा वाचणारं सॉफ्टवेअर महाग होतं. २००६मध्ये ऑस्ट्रेलियात दोन अंध तरुणांनी सुरू केलेलं एनव्हीडीए आज जगभर मोफत मिळतं आणि मराठीही वाचतं. अँड्रॉइड फोनमध्ये टॉकबॅक आधीच बसवलेलं असतं. म्हणजे घरात साधा स्मार्टफोन असेल तर वाचून दाखवणारं यंत्र घरातच आहे.

कायद्याचाही अडसर दूर झाला. २०१२च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायदा दिव्यांगांसाठी पुस्तकाचं रूपांतर करू देतो. याच विषयावरचा माराकेश करार मान्य करणारा भारत २०१४मध्ये जगातला पहिला देश ठरला. २०१६मध्ये ‘सुगम्य पुस्तकालय’ हे ऑनलाइन ग्रंथालयही सुरू झालं.

मग अडतं कुठे? अडतं फॉन्टमध्ये. मराठीतला कितीतरी मजकूर अजूनही श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाइप होतो. डोळ्यांना ‘शाळा’ हा शब्द दिसतो, पण संगणकाच्या लेखी तिथे रोमन अक्षरं आणि चिन्हांची रांग असते. सॉफ्टवेअर प्रामाणिकपणे तीच रांग वाचतं आणि ऐकणाऱ्याच्या कानावर निरर्थक आवाज पडतात. युनिकोडमध्ये टाइप केलेला मजकूर नीट वाचला जातो, मात्र त्याची पीडीएफ करताना पहिली वेलांटी अक्षराच्या भलत्याच बाजूला जाऊन ‘किती’चं भलतंच काही होण्याचे प्रकार घडतात. मराठीतल्या ‘च’ आणि ‘ज’चे दोन-दोन उच्चार आहेत. ‘चमचा’तला च आणि ‘चहा’तला च आपल्याला आपोआप कळतो, साध्या यंत्रआवाजाला नेहमीच कळत नाही. ही शेवटची अडचण मुलं सवयीने पचवतात. फॉन्टची अडचण पचवता येत नाही.

गणित आणि विज्ञान याहून अवघड. समीकरण चित्र म्हणून छापलं असेल तर सॉफ्टवेअर तिथे फक्त ‘चित्र’ म्हणून पुढे जातं. आलेख, नकाशे, काटकोन त्रिकोण यांच्यासाठी बोटांना जाणवणाऱ्या उंचवट्याच्या आकृत्या लागतात. पुण्यात ‘निवांत अंध मुक्त विकासालय’ ही संस्था १९९६पासून अंध विद्यार्थ्यांच्या उच्च शिक्षणासाठी काम करते. ब्रेल साहित्य तयार करणं किती कष्टाचं आहे, हे अशा संस्थांकडून कळतं.

इथे एक सोपी गोष्ट शाळेच्या हातात आहे. चाचणीची प्रश्नपत्रिका आणि स्वाध्याय युनिकोडमध्ये टाइप करून साधी फाइल मुलाच्या फोनवर पाठवणं. खर्च शून्य. पण दृष्टिहीन मुलाला वर्गात फोन वापरू द्यायचा का, यावरच अनेक ठिकाणी गाडी अडते. इतरांसाठी फोनबंदी आणि याच्यासाठी परवानगी हा पक्षपात वाटतो. कायद्याच्या भाषेत मात्र त्याला ‘वाजवी सोय’ म्हणतात आणि ती नाकारणं हा भेदभाव ठरतो.

कायदा शाळेला काय करायला सांगतो?

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६, एप्रिल २०१७मध्ये लागू झाला. त्याचं कलम १६ शाळेची इमारत आणि सुविधा सुगम करायला, प्रत्येक मुलाच्या गरजेप्रमाणे आधार द्यायला आणि त्याच्या प्रगतीवर लक्ष ठेवायला सांगतं. कलम १७नुसार, ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या विद्यार्थ्यांना १८ वर्षांपर्यंत पुस्तकं, शिक्षण साहित्य आणि योग्य सहायक साधनं मोफत मिळायला हवीत. शब्द ‘योग्य साधनं’ असा आहे. शिट्टी मारणारं, सेल नसलेलं यंत्र ‘योग्य’ कसं म्हणायचं?

सर्वोच्च न्यायालयानेही ही चौकट बरीच घट्ट केली आहे. फेब्रुवारी २०२१मध्ये विकास कुमार प्रकरणात न्यायालयाने स्पष्ट केलं की लेखनिकासारखी वाजवी सोय मिळण्यासाठी ४० टक्क्यांचं प्रमाणपत्र ही अट लावता येणार नाही. नोव्हेंबर २०२४मध्ये राजीव रतुरी प्रकरणात सुगमतेचे किमान नियम सक्तीचे हवेत, नुसत्या मार्गदर्शक सूचना पुरेशा नाहीत, असं सांगितलं. एप्रिल २०२५मध्ये डिजिटल सेवा वापरता येणं हा जगण्याच्या अधिकाराचा भाग मानला.

३,५०० रुपयांत काय काय बसतं?

समग्र शिक्षा योजनेत विशेष गरजा असलेल्या प्रत्येक मुलामागे वर्षाला ३,५०० रुपयांची तरतूद आहे. मुलींना त्याशिवाय दहा महिने दरमहा २०० रुपये प्रोत्साहन भत्ता मिळतो. ३,५०० रुपये थेट मुलाच्या हातात पडत नाहीत. साधनं, प्रवास, मदतनीस, ब्रेल पुस्तकं, तपासणी शिबिरं असं सगळं त्यातून भागवायचं असतं.

ढोबळ हिशेब करून पाहू. दोन कानांना दोन यंत्रं, सेल सरासरी दहा दिवस टिकतो असं धरलं तर वर्षाला ७२ सेल. एका सेलला ३५ रुपये धरले तर अडीच हजारांहून अधिक झाले. म्हणजे एका कर्णबधिर मुलाच्या सेलमध्येच तरतुदीचा बहुतांश भाग संपतो. साचा आणि दुरुस्तीचा खर्च त्यापुढचा. चार्जिंगवर चालणारी यंत्रं वाटली तर हा खर्च वाचतो, पण वाटपाची खरेदी सुरुवातीची किंमत पाहून होते, पाच वर्षांचा खर्च पाहून नाही.

पैशाचा आणखी एक झरा गावातच आहे आणि त्याची कल्पना फार थोड्यांना असते. स्थानिक स्वराज्य संस्थांनी आपल्या स्वउत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करावा, असा राज्याचा नियम आहे. ग्रामपंचायतीपासून नगरपरिषदेपर्यंत सगळ्यांना तो लागू आहे. ज्यांच्या हद्दीत कारखाने आहेत त्यांचं उत्पन्न इतरांपेक्षा बरं असणं स्वाभाविक आहे. हा निधी बहुधा थोडी थोडी रोख रक्कम सगळ्यांच्या खात्यात टाकून संपवला जातो. शाळेतल्या चार मुलांच्या वर्षभराच्या सेलची मागणी ग्रामसभेत लेखी दिली तर ती याच ५ टक्क्यांत बसते.

एमआयडीसीच्या कुंपणाआड

भिगवण रस्त्याला लागलं की बारामतीचं खरं बळ दिसतं. पियाजिओची तीनचाकी गाडी इथे बनते. भारत फोर्जचा कारखाना आहे, दूध प्रक्रियेचे मोठे प्रकल्प आहेत, टेक्स्टाइल पार्क आहे. १९७२मध्ये स्थापन झालेल्या विद्या प्रतिष्ठानचं संकुल इथेच आहे. त्यात अभियांत्रिकी आणि माहिती तंत्रज्ञानाची महाविद्यालयं आहेत. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही एमआयडीसीतच आहे.

एका बाजूला प्लास्टिक आणि धातूच्या भागांवर मायक्रॉनच्या मापात काम करणारे हात, दुसऱ्या बाजूला सर्किट शिकणारे विद्यार्थी, आणि तिसऱ्या बाजूला कान-नाक-घशाचा विभाग असलेलं सरकारी रुग्णालय, हे सगळं इतक्या जवळ असलेली तालुक्याची ठिकाणं महाराष्ट्रात फार नाहीत. पियाजिओच्या रिक्षाचा सुटा भाग आडगावातल्या गॅरेजमध्येही मिळतो, कारण विक्रीबरोबर सर्व्हिसचं जाळं उभं राहिलं. श्रवणयंत्राची नळी आणि साचा यांचं तसं जाळं कोणी विणलेलं नाही. पुणं बारामतीपासून सुमारे १०० किलोमीटर, इंदापूरहून त्याहून लांब. रोजंदारीवरच्या बापाचा एक दिवस बुडतो तेव्हा साच्याची किंमत तिकिटापेक्षा मोठी होते.

कंपन्यांचा पैसा नाही असंही नाही. कंपनी कायदा २०१३च्या कलम १३५नुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांना नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. दिव्यांगांचं शिक्षण त्या यादीत स्पष्टपणे आहे. पण अहवालात शोभतं ते वाटप. ‘३०० यंत्रं दिली’ हे एका ओळीत बसतं. ‘२० शाळांतली यंत्रं वर्षभर सुरू ठेवली’ याचा फोटो कसा काढणार? महिन्यातून एक दिवस फिरती गाडी, त्यात एक ऑडिओलॉजिस्ट, साचा घेण्याचं साहित्य, सेलचा डबा आणि दुरुस्तीचा एक हुशार मुलगा, एवढ्याने दोन तालुक्यांचा मोठा भाग सांभाळता येईल. हे काम उसाच्या सेन्सरपेक्षा कठीण नाही.

बाईंना कोण शिकवणार?

वर्गशिक्षकावर सगळं ढकलणं सोपं आहे आणि अन्यायाचंही. यंत्राचा सेल संपला हे ओळखायला दोन मिनिटं लागतात. यंत्र सुरू करून मुठीत झाकून धरायचं, शिट्टी वाजली तर सेल जिवंत आहे. पण ही युक्ती कोणी दाखवलेलीच नसते.

यासाठीच विशेष शिक्षक हवेत. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१मध्ये रजनीश कुमार पांडे प्रकरणात प्राथमिक स्तरावर १० विशेष विद्यार्थ्यांमागे एक आणि पुढच्या वर्गांत १५ मागे एक विशेष शिक्षक असं प्रमाण मान्य केलं. मार्च २०२५मध्ये राज्यांना ही पदं जाहीर करण्यासाठी त्याच महिन्याची मुदत दिली. महाराष्ट्राने त्याआधी ऑक्टोबर २०२४मध्ये ४,८६० पदं निर्माण केली, म्हणजे शाळांच्या प्रत्येक केंद्राला एक. वर्षानुवर्षं कंत्राटी पद्धतीवर राबणाऱ्या विशेष शिक्षकांना त्यामुळे स्थैर्याची वाट मोकळी झाली.

पण एका केंद्रात दहा-पंधरा शाळा येतात. कुठे अंध मूल, कुठे कर्णबधिर, कुठे बौद्धिक दिव्यांगत्व असलेलं. एक शिक्षक दुचाकीवरून फिरत एका मुलापर्यंत आठवड्यातून एकदा पोहोचला तरी भाग्य. शिवाय त्याचं प्रशिक्षण बहुधा एकाच प्रकारात झालेलं असतं.

न दिसणाऱ्या अडचणींचं तर विचारूच नका. एनसीईआरटीने २०२२मध्ये शिक्षकांसाठी ‘प्रशस्त’ हे प्राथमिक चाळणीचं ॲप आणलं. डिस्लेक्सिया ओळखण्यासाठी राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने तयार केलेलं ‘डाली’ हे साधन मराठीत आहे. मानेसर इथल्या या संस्थेने २०१५मध्येच ते आणलं. म्हणजे मराठीत शिकणाऱ्या मुलाची चाचणी इंग्रजी शब्दांवर घ्यायची गरज उरलेली नाही. पण ‘हा हुशार आहे, आळशी आहे’ या वाक्यावर गाडी थांबते तिथे ॲप उघडण्याची वेळच येत नाही.

पालकांनी कुठे जायचं?

पहिली पायरी यूडीआयडी कार्ड, ते स्वावलंबन पोर्टलवर नोंदवता येतं. दुसरी, पंचायत समितीतलं गट साधन केंद्र. तिथे समावेशित शिक्षणाचे विषयतज्ज्ञ असतात आणि साधनांची मागणी त्यांच्यामार्फत पुढे जाते. बंद पडलेल्या साधनाचा अर्जही तिथेच लेखी द्यावा, तोंडी सांगितलेलं कुठल्याच यादीत चढत नाही. दाद मिळाली नाही तर दिव्यांग कल्याण आयुक्तालय पुण्यातच आहे. राज्याने ३ डिसेंबर २०२२पासून दिव्यांग कल्याणासाठी स्वतंत्र विभागही सुरू केला.

या सगळ्या रचनेत एक मूल हमखास निसटतं. सोमेश्वर, माळेगाव, भवानीनगरचा छत्रपती, इंदापूरचा कर्मयोगी, असे साखर कारखाने या दोन तालुक्यांत आहेत. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये बीड, अहिल्यानगरकडून ऊसतोड कुटुंबं येतात ती हंगाम संपेपर्यंत कोप्यांवर राहतात. त्यांच्यातल्या दिव्यांग मुलाचं नाव गावाकडच्या शाळेच्या यादीत असतं, तपासणी शिबिर भरतं तेव्हा ते मूल बारामतीत असतं, आणि साधन वाटप होतं तेव्हाही. यूडीआयडी कार्ड देशभर चालतं, त्यामुळे गट साधन केंद्राने मनावर घेतलं तर फडावरच्या मुलाचं कानाचं माप इथेही घेता येईल. त्यासाठी कारखान्याच्या टोळ्यांच्या यादीत मुलांचा एक रकाना वाढवावा लागेल, आणि ती यादी गळीत हंगाम सुरू होण्याआधी शिक्षण विभागाकडे पोहोचावी लागेल.